तेरड्याची गौर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या सकाळचा धक्का अजून ओसरत नाही, म्हणून लिहायला बसले. कोल्हारच्या घरामागे, मोरीचं पाणी जाई तिथे तू तेरडा लावायचीस. बी तुझ्या माहेरचं, अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, पदराला बांधून आणलेलं. पावसाळ्यापुरतं जगणारं ते रानाचं झाड, पण तू ते मेथीच्या वाफ्यासारखं जपायचीस. दाटी झाली की रोपं विरळ करायचीस, गोगलगायी वेचून लांब टाकायचीस. आपल्या आळीत तेरड्याचीच गौर बसायची आणि तेरडा फक्त आपल्याकडे. बायका मागल्या दाराशी यायच्या, गौरीला मूळ शाबूत लागायचं, म्हणून तू मुळासकट रोपं काढून एकेकीच्या हातात द्यायचीस.

लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या उन्हाळ्यात आबा गेले, तुझं कुंकू पुसलं. भादव्यात शेजारची मावशी आळीतल्या बायकांसह ताम्हण घेऊन आली. आबांच्या दुखण्यात आपल्याला भाकरी पोचवणारी तीच. तू सवयीने वाकलीस.

"तू हात लावू नगंस, बाई," ती म्हणाली. "गौरीचं हाय. आमचं आमी उपटतो."

मी तुझ्या तोंडाकडे बघते आहे. तू बाजूला होतेस. त्या ओढतात, पाणीदार दांडे काडकन मोडतात, मुळं मातीतच राहतात. त्या गेल्यावर तू हात धुतलेस, उरलेलं सगळ्यात उंच रोप अलगद काढलंस, चुलीशेजारी पाटावर ठेवलंस आणि स्वतःच्या बोटांनी त्याला हळदकुंकू वाहिलंस. मी धावत जाऊन मागलं दार लोटलं.

"आई, कुनी बघंल!"

"बघू दे. म्या लावलंय, म्याच पुजनार."

संध्याकाळी मावशी मला त्यांच्या गौरीला बोलवायला आली आणि उंबऱ्यातच थिजली. "आगं, काय केलंस हे?"

"बस," तू म्हणालीस. "भाजी-भाकरीचा निवद हाय, खाऊन जा."

ती बसली नाही. वर्षभर आपल्या मागल्या दाराशी कुणी फिरकलं नाही. प्रवरेवर धुणं धुताना बायका तुझ्यापासून लांबचा दगड धरायच्या. तू तेरडा पेरलासच. पुढच्या गौरीला मावशी पुन्हा दारात, मान खाली. "तूच काढून दे. आमच्याकडनं मुळं तुटत्यात." तू हसली नाहीस, टोमणा मारला नाहीस. वाकलीस आणि रोप काढून दिलंस.

हा कागद घडी घालून माझ्याजवळच ठेवणार आहे. माझ्या मुलींना मी सांगते की त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. तसं नव्हतं, आई. मला भीती वाटली होती, आणि ती मावशीची नव्हती, तुझी होती; रीत मोडणारी ती बाई माझ्या ओळखीची नव्हती.