सव्वीस नंबरची आई

४ ऑगस्ट, सोमवार

घोगरा! चाळीस कथा, त्यातल्या एकोणीस कथांत पुरुषाचा आवाज घोगरा. नाशिकभर सर्दीची साथ आलीय की काय? आणि बायका झाडून सगळ्या मंजुळ.

रवीनं दिवाळी अंकाचा हा गठ्ठा शनिवारी आणून टाकला. जुना विद्यार्थी, नाही म्हणवेना. नियम मात्र माझे. कथा टाइप केलेली, वर फक्त नंबर. लेखकाचं नाव बंद पाकिटात, ते रवीकडे, निवड झाल्यावरच फोडायचं. आणि माझे लाल शाईतले शेरे लेखकाला जसेच्या तसे जायचे. मुलाहिजा नको!

नऊ नंबरच्या नायिकेचा आवाज 'गोदावरीच्या उगमासारखा खळाळता'. त्र्यंबकला पायऱ्या चढून मी तो उगम पाहून आलेय. करंगळीएवढी धार. शेरा दिला — आधी जाऊन या.

६ ऑगस्ट, बुधवार

मनालीचा फोन. तिच्या पप्पांना, अर्थात.

एप्रिलात जयंतीच्या सुट्टीला घरी आली होती, तेव्हा बँकेतली नोकरी सोडल्याचं सांगितलं. मी बोलले. का बोलू नये? मी म्हणून सांगते, दुसरी आई असती तर थोबाडीत दिली असती. तेव्हापासून पुण्याहून फोन येतो तो यांनाच. हे गॅलरीत जाऊन बोलतात. काय म्हणाली विचारलं तर, बरी आहे. बरी असणारच, माझी चौकशी करायची तिला काय गरज — असं म्हटलं, तर हे चष्मा काढून पुसत बसले. पोरगी चार महिने माझ्याशी बोललेली नाही आणि हा माणूस काचा पुसतोय!

मला तिचा आवाज ऐकायचाय. बस्स.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रेशमी. मधाळ. मखमली. आवाज आहेत की साडीचं दुकान?

१० ऑगस्ट, रविवार

पंचवटीत भाजीला गेले. बायडाबाई शेपूवालीकडे. बाकीच्या सगळ्या ओरडून घसा फोडतात. ही भाव इतक्या हळू सांगते की गिऱ्हाईकाला वाकावंच लागतं. वाकलं की जुडी पिशवीत पडलेली. "घे ना ताई, लय कवळी हाय." वाकलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. मी दोन जुड्या घेऊन आले, घरात शेपू कोणाला आवडत नसताना.

असा लिहावा आवाज! गोड का कडू ते मरू दे, ऐकणाऱ्याचं काय होतं ते सांगा. पण एवढी अक्कल असती तर हे लोक मखमल कशाला विकत बसले असते.

११ ऑगस्ट, सोमवार

सापडली! सव्वीस नंबर.

आवाजाला एक विशेषण नाही. आई बोलायला लागली की मुलगी धुतलेलं ताट पुन्हा धुवायला घेते. बाप चष्मा पुसतो. पाहुणे चहा अर्धा टाकून चपला शोधतात. आणि ती बाई! दर दोन वाक्यांआड 'मी म्हणून सांगते'. हसून हसून पुरेवाट झाली. अगदी आमच्या नणंदबाई, संजनावन्सं. त्यांना कोणी तरी असं कागदावर धरायलाच हवं होतं.

यांना सगळी वाचून दाखवली. म्हटलं, मी म्हणून सांगते, ओळखा ही कोण! यांना ओळखता येईना. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, यावर शेरा नको लिहूस. का? तर, नको. साहित्यातलं यांना काय कळतंय.

शेवटची ओळ तेवढी वाया गेलीय. 'तरी फोन वाजला की मी आधी आईचाच आवाज शोधते.' शी! एवढी चांगली फोडणी आणि वर साखर. लाल रेघ मारली. समासात लिहिलं — खोटं. अशा बाईची आठवण कोणालाही येणार नाही. ही ओळ काढा, कथा पहिली येईल.

१३ ऑगस्ट, बुधवार

रवी गठ्ठा घेऊन गेला. शेऱ्यांचे फोटो काढून आजच, नंबरापुढे टिपलेल्या फोनवर, ज्याला त्याला पाठवतो म्हणाला; नावांची पाकिटं बंदच. पहिली सव्वीस, हे बजावून सांगितलं. एका तरी लेखकाला कान आहेत या जिल्ह्यात.

पाकीट शुक्रवारी माझ्यासमोर फोडणार आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पाकीट फोडलं. सव्वीस नंबर — मनाली.

फोन मीच लावला. तिनं उचलला.

"अक्षर ओळखलं मी तुझं, आई," म्हणाली. "ती ओळ काढून टाकलीय."

मी चष्मा काढला आणि पुसत बसले.