ताणातली ओल

अकोला, १६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
साधनाचा शि. सा. न. वि. वि.

तीनदा फोन केला, तीनदा तुम्ही कापला. म्हणून पत्र लिहिते. हे कापता येत नाही; फाडता येतं, पण आधी वाचा.

आईकडून कळलं की तुम्ही मोतीरामकाकांना काढलं. अकरा वर्षं आपल्याकडे सालदार म्हणून राबलेला माणूस, आणि त्याला पाडव्याच्या तोंडावर, चावडीसमोर, चार लोकांत बेइमान म्हटलं! कारण काय, तर संत्र्याला पाणी तोडून ताण दिला असताना नाल्याकडच्या तीन ओळींत ओल सापडली आणि तिथे बहार फुटला नाही. दिवाळीत तुमचं त्यांच्याशी वाजलं होतं, म्हणजे पाणी त्यांनीच सोडलं. झाला निकाल! आता पाडव्याला सालदारांची नवी वर्षं ठरतील, तेव्हा त्यांना गावात नवं साल कोण देणार? वाचून झोंबेल, पण मला तुमची लाज वाटली.

पोलिसांच्या गोपनीय शाखेत मी दिवसभर आलेल्या बातम्याच चाळते. आमच्या साहेबांनी पहिल्या महिन्यात शिकवलं, की आपलंच खरं ठरवणारं गोळा करायला अक्कल लागत नाही. आपलं खोटं पडेल असं काय आहे, ते शोधा. तुम्ही ते शोधलं का?

लहान तोंडी मोठा घास घेतला आहे, पोटात घाला.
तुमची,
साधना

वलगाव, २० फेब्रुवारी

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडणारच होतो, पण तुझ्या आईने ते आधीच घरभर ऐकवलं.

बापाला पोलिसी शिकवू नको. चाळीस वर्षं मी संत्रा करतो. ताण म्हणजे महिनाभर झाडाला थेंब द्यायचा नाही, पानं कोमेजू द्यायची, तेव्हा कुठे पुढे फुलं धरतात. मधे पाणी गेलं की त्या झाडांचं वर्ष गेलं. हे ज्याला कळतं तोच असा घात करतो. आणि सांगणारा एक नाही, तिघं आहेत: धुऱ्याचा, बांधालगतचा शेजारी गोवर्धन, पानटपरीवाला पियुष आणि खुद्द तुझी आई. मोतीरामने पहाटे नाल्याकडे जाऊन पाण्याची मोटार चालू केली, असं तिघंही म्हणतात. शिवाय काढलं तेव्हा तो एक शब्द बोलला नाही, मान खाली घालून गेला. खऱ्या माणसाची वाचा बसते का कधी?

जावईबापूंना आशीर्वाद. तुझं डोकं थंड झालं की ये, तुरीच्या शेंगा ठेवल्या आहेत.
तुझा,
बाबा

अकोला, २५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काका बोलले नाहीत म्हणून चोर. बोलले असते तर उलट बोलतो म्हणून चोर. काहीही झालं तरी तुमच्याच बाजूने पडतो, तो पुरावा कसला?

मी आईला विचारलं, तू स्वतः काय पाहिलंस. काही नाही, तिला पियुषने सांगितलं. पियुषला विचारलं, तर त्याला गोवर्धनकाकांनी सांगितलं. म्हणजे तीन साक्षीदार नाहीत बाबा, एकाच माणसाचं बोलणं तीन तोंडांतून आलं. त्या एकाने नेमकं काय पाहिलं, ते तरी जाऊन विचारा.

आणि ओल कुठून आली ते मी सांगते. आपल्या कुलदीपने मोबाइल पाहत मोटार चालू ठेवली असणार. त्याचं लहानपणापासून तसंच आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून लेकाचं झाकायला गरिबाचा बळी दिला.

एवढं लिहूनही माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
साधना

वलगाव, १२ मार्च

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

राग गेलेला नाही, आधी तुझ्यावरचा काढतो. ताणाचा अख्खा महिना कुलदीप धामणगावला सासरी होता, सासऱ्यांच्या पायाचं ऑपरेशन होतं. तू रोज फोन करून त्यांची तब्येत विचारत होतीस. तरी पोराचं नाव लिहिताना हात थांबला नाही. कावून? भाऊ बेफिकीर आहे, हे तुझं आधीच ठरलेलं होतं म्हणून. बापाला शिकवतेस ते आधी स्वतः शीक.

तुला खोटं पाडायलाच मी वावरात गेलो. त्या तीन ओळींचं आणि शेजारच्या दोन ओळींचं पाणी दहा दिवस तोडलं. शेजारची जमीन सुकली, त्या तीन ओळींतलं ढेकूळ हातात ओलंच. धुऱ्याकडे खणत गेलो. गोवर्धनने गेल्या उन्हाळ्यात शेततळं केलं, त्याचं प्लास्टिक खालून फाटलं आहे, पाणी आपल्याकडे झिरपतं. त्याची गचांडी धरून विचारलं. त्याने मोतीरामला पहाटे नाल्याकडे उभं पाहिलं होतं, एवढंच. मोटार त्याने मनाने जोडली, आणि मी ती आनंदाने घेतली. मोतीराम ओल कुठून येते ते शोधत होता. हे सांगायला तो घरीही आला होता. दिवाळीपासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो, तसाच परत पाठवला.

काल चावडीसमोर उभा राहून चूक कबूल केली. मग त्याच्या घरी गेलो, परत चल म्हटलं. त्याने बसायला दिलं, चहा दिला. त्याने अंजनगावला साल धरलं आहे, पाडव्याला बायकोपोरांसह गाव सोडतो. मला म्हणाला की मालक, ओल दिसली तवा मी चोर झालो, ओल दुसरीकून निघाली तवा साव झालो. अकरा सालात माह्याकडं पाहून, मी कसा माणूस हाय हे त तुमी एकडावबी ठरवलं नाई.

चहा संपवून मी घरी आलो. त्याला काय म्हणायचं ते तुला सुचलं तर लिही, आणि बापावरचा लोभ तोडू नको.
तुझा,
बाबा