चिमटा आणि पीळ

घडलं ते मंगळवार, ४ जून रोजी, सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी. ही वेळ माझी नाही, तुमच्याच चित्रफितीच्या कोपऱ्यात उमटलेली आहे. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ही रोजनिशी पहिल्या पानापासून वाचावी. नुसती चाळू नये.

सोमवार, ३ जून

आले एकदाची. खोली छान आहे. खिडकी उघडते, नळाला गरम पाणी येतं आणि उशीला दुसऱ्या कुणाच्या डोक्याचा वास येत नाही. विमा कंपनीच्या तक्रार खात्यात एकतीस वर्षं काढली की माणूस कुठेही गेला तरी आधी दोष शोधतो. संध्याकाळपर्यंत मला एकच सापडला, तो म्हणजे डॉक्टर. बुटांपासून दातांपर्यंत चकचकीत, म्हणून मी त्याचं नावच चकचकीत ठेवलं आहे. मला 'आजी' म्हणतो. मी म्हटलं, मला एकच मुलगी आणि तिला मूलबाळ नाही, तेव्हा हे नातं कुठून लागलं ते आधी सांगा. खो-खो हसला. बरा आहे.

उद्या पित्ताशय काढणार, तेही यंत्राच्या हातांनी. पोटाला चार बारीक भोकं पाडायची, त्यांतून यंत्राचे हात आत जाणार आणि हा कोपऱ्यात पडद्यात डोकं खुपसून बसणार. नेहमीच्या शस्त्रक्रिया आता यंत्र बरंचसं आपलं आपणच करतं, आम्ही फक्त लक्ष ठेवतो, असं सांगताना त्याची छाती फुगली होती. काम न करण्याचा एवढा अभिमान मी आमच्या हेड ऑफिसातसुद्धा पाहिला नव्हता. पण माझी हरकत नाही. चाळीस वर्षं सर्जनची बायको होते. सर्जनचे हात जितके लांब, तितकं बरं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून माहेरचं नाव लावते आणि जेवताना कोपर टेबलावर ठेवते.

हे रुग्णालय मुलीने शोधलं. म्हणाली, आई, तुझ्यासाठी एक गंमत आहे, पण ऑपरेशन झाल्यावरच सांगेन. हिच्या पोटात तीळ भिजत नाही, तरी आठवडाभर गप्प आहे.

शेजारच्या खाटेवर शिवणवाली आहे. बायकांचे कपडे शिवते. याच यंत्राने पित्ताशय काढून घरी गेली होती, पोटात दुखायला लागलं म्हणून परत आली. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, ताई, तुमचा ब्लाउज ज्याने शिवला त्याला पकडून मारा. आमचं जमणार.

बुधवार, ५ जून

पार पडलं. चार भोकांवर चार पट्ट्या, मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही. माझे खडे बाटलीत घालून दिले आहेत, हिरवट आणि बुळबुळीत. मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बाटली हलवून दाखवते. मी म्हटलं, त्यापेक्षा बशीत घालून पुढे कर ना.

डावीकडे मात्र, बरगडीच्या खाली, अगदी आत काहीतरी दुखतंय. तिथे एकही भोक नाही. कुणीतरी मांस चिमटीत धरून ठेवल्यासारखं. नर्स म्हणाली, गॅस.

शुक्रवार, ७ जून

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

इथे ज्याच्या-त्याच्या ऑपरेशनची चित्रफीत दाखवायची पद्धत आहे. चकचकीत दुपारी पडदा घेऊन आला. एका हातात बिस्किट, दुसऱ्या हाताने माझी आतडी दाखवत होता. पिवळी चरबी, ओल्या मक्याच्या दाण्यांसारखी, आणि धूर. माझ्या स्वतःच्या पोटातला धूर! लोखंडी चोची पुढे-मागे होत होत्या. पित्ताशय सुटलं, पिशवीत गेलं, बाहेर ओढलं गेलं. बिस्किटाचा चुरा माझ्या चादरीवर.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात, पडद्याच्या कोपऱ्यात दहा बावन्न उमटलेले असताना, एक चोच परत आत आली. कसलीही घाई न करता डावीकडे गेली, चरबीचा जो पडदा असतो त्याची एक घडी तिने उचलली, चिमटीत धरली, हळूच पिळली आणि तशीच धरून ठेवली. मग सोडली.

मला ओकारी झाली. बादली वेळेवर आली नाही.

हा चिमटा मी ओळखते. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते आणि बाही खालपर्यंत येते तिथे. समोर पाहुणे, ताटं वाढलेली, आणि टेबलाखालून नवऱ्याचा हात. आधी चिमटा, मग पीळ, मग मी हसेपर्यंत धरून ठेवायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, चारचौघांत तोंड वाकडं करायचं नाही. मी हसायची. लोक म्हणायचे, डॉक्टरसाहेब, तुमची बायको किती हसतमुख!

मी चकचकीतला विचारलं, हे शेवटचं कशासाठी? त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, ही आमच्या सरांची खासियत. यंत्राला शिकवताना सरांच्या शेकडो ऑपरेशनांच्या नोंदी त्याच्यात घातल्या, हाताची हालचाल न् हालचाल. निम्म्याहून जास्त नोंदींत शेवटी हे होतं. रक्तपुरवठा तपासायची सरांची पद्धत असणार, म्हणून आम्ही ते काढलं नाही. असे हात पुन्हा होणे नाहीत.

इतक्यात मुलीला राहवेना. तिने माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी. आई, हीच गंमत! बाबांच्याच हातांनी तुझं ऑपरेशन झालं.

रविवार, ९ जून

शिवणवालीने स्वतःची चित्रफीत मागून घेतली. तिच्याही शेवटी तेच, तीच डावी बाजू. तिलाही तिथेच दुखतं. चिमटे काढायचे होते तर बाहेरून काढायचे, आत शिरून कसले काढतो मेला, असं म्हणून ती हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी चकचकीतला सरळ विचारलं की हे पुरुषांनाही करतात का. त्याने आठवून पाहिलं. नाही, पुरुषांच्या नोंदींत दिसत नाही. बायकांच्या चरबीचा पोत वेगळा असतो, सरांनी तो अभ्यासला असावा.

एवढं शिकलेलं माणूस! बेशुद्ध पडलेल्या बाईच्या पोटात हात घालून एक किळसवाणा माणूस स्वतःची हौस भागवत होता, आणि यांनी ते शास्त्र समजून पुढच्या पिढीला दिलं.

मुलीला मी आज सगळं सांगितलं, दंडाचंसुद्धा. तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाली, ताप आहे तुला, आई. बाबा देवमाणूस होते.

सोमवार, १० जून

ताप खरंच आहे. पोट तपासलं. पीळ बसलेला चरबीचा तुकडा काळा पडून मेला आहे, आत पू होतो आहे. आता पट्टी बदलताना मलाच माझा वास येतो, फुलदाणीतलं पाणी महिनाभर न बदलल्यासारखा. तुकडा काढावाच लागेल. गुरुवारी.

मी म्हटलं, काढा, पण माणसाच्या हाताने. पोट उभं फाडा, माझी हरकत नाही. चकचकीत म्हणाला, या वयात एवढी मोठी जखम झेपणार नाही, यंत्रानेच करू. दुसरीकडे हलवा म्हटलं, तर अशा तापात मुलगी हलवू देत नाही. आणि तो पीळ? तेवढा गाळता येत नाही म्हणे, एक धागा ओढला की सगळंच उसवतं. म्हणजे मेलेला तुकडा काढायचा आणि निघताना शेजारच्या जिवंत तुकड्याला पुन्हा —

मंगळवार, ११ जून

भीती जावी म्हणून मला यंत्र दाखवायला नेलं. भर दुपार, सगळे दिवे लावलेले. चार हात प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले. कोपऱ्यातल्या पडद्यापाशी कोणी नव्हतं. चकचकीत दाराशी मुलीशी बोलत होता. मी चाकाच्या खुर्चीत होते.

एक हात वळला. अगदी सावकाश. प्लास्टिक चुरचुरलं. माझ्या बाहीच्या आत —

दंडाला. आतल्या बाजूला. चिमटा. पीळ. आणि धरून ठेवलं.

ओरडायला तोंड उघडलं होतं.

मी हसले.

तेव्हा सोडलं.

चकचकीत म्हणाला, यंत्र आपली जागा जुळवून घेत असतं, घाबरू नका. मुलगी म्हणाली, बघा, हसली! कशी छान हसली!

हे दंडाचं कुठल्याच नोंदीत नाही. ते ऑपरेशनच्या टेबलावर कधी घडलंच नाही. घरी घडायचं, पाहुण्यांसमोर, आणि ते फक्त दोघांना माहीत होतं. मग याला कुणी —

दंड तीनदा साबणाने धुतला. आतून घाण वाटते. माझ्याच तोंडाची घाण वाटते.

बुधवार, १२ जून

सकाळी शिवणवालीला, तिचाही तुकडा काढायला, दुसऱ्यांदा यंत्राखाली नेलं. मी तिच्या स्ट्रेचरची दांडी धरून ठेवली होती, माझी बोटं सोडवून नेलं तिला.

दुपारी आणली. दुखतं का, विचारलं. हसली. ब्लाउजवरून दोन शिव्या दे म्हटलं. हसली. नवरा आला, चहा आला, नर्सने सुई टोचली —

अजून हसते आहे. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ती —

नर्स म्हणाली, बघा, किती हसतमुख पेशंट.

मुलीने संमतीपत्रावर सही केली. माझ्याऐवजी. मी तापात भ्रमिष्ट आहे, असं वर लिहिलं आहे.

गुरुवार, १३ जून, सकाळ

अधीक्षकांस. मला ताप आहे. भ्रम नाही. अक्षर बघा.

माझ्या पोटात शिरलेला हात कोणाचा होता ते लिहून द्या. माझ्या दंडाचं त्याला कुणी सांगितलं ते लिहून द्या. शिवणवालीचा चेहरा स्वतः येऊन बघा आणि काय दिसलं ते —

दुपारची वेळ दिली होती. आत्ता नऊ वाजताहेत, आणि स्ट्रेचर दारात आहे. मुलगी केस सारखे करते आहे माझे. प्रेमाने. तिला कळत —

तोंडी काही सांगू नका. तोंडी उत्तरं कशी देतात ते मला माहीत आहे, मी तेच काम करत होते. उत्तर लेखी हवं. सही-शिक्क्यासह. आज दुपारी बाराच्या आत. आणि ते येईपर्यंत मला कोणीही हात —