खिशातली चिक्की

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज चारच्या सुमारास पुन्हा शुगर लो! हात लटपटायला लागले, कपाळावर घाम. फोर्कलिफ्ट कडेला लावली, खिशातली चिक्की खाल्ली. मग जरा वेळाने बरं वाटलं. नेहा पाणी घेऊन आली, तिचं तोंड पांढरंफटक. सुटल्यावर बसमध्ये तिचं तेच सुरू – "जयमाला, शेंगदाण्याने वेळ लागतो गं. ग्लुकोज घे, नाहीतर नुसती साखर. पंधरा मिनिटांनी तपास. बिस्कीट, भाकरी सगळं त्याच्यानंतर."

मला कळत नाही का? पण ग्लुकोजची पुडी काढली की दहा जण विचारणार, काय झालं! चिक्कीचं कुणी विचारत नाही, उलट अर्धी मागतात. मी इन्सुलिन घेते हे कंपनीत एकट्या नेहाला माहीत. आमच्या प्लांटमध्ये फोर्कलिफ्टवर बाई मी एकटीच. कळलं तर गाडी गेली, आणि मी परत पॅकिंगला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गाडी गेली.
सुपरवायझर बबनरावांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुमाला इन्सुलिन चालू हाय व्हय? सांगितलं न्हाई कधी." चावी काढून घेतली. कुणी सांगितलं, ते विचारलंसुद्धा नाही मी. दुसरं कोण सांगणार?

६ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत नेहाला गाठलं. "तूच ना?"
"हो. मीच."
बस्स, एवढंच! आठ वर्षं एका डब्यात जेवलो. बाथरूममध्ये मी पोटात सुई टोचायचे, तेव्हा ही दार धरून उभी राहायची. आणि हिनेच केसाने गळा कापला माझा. कारण विचारलं तर डबा उचलून निघून गेली. घरी येऊन खूप रडले.

७ फेब्रुवारी
बसमध्ये तिने शेजारची जागा धरली होती. मी मागे जाऊन उभी राहिले. थेरगावपर्यंत.

९ फेब्रुवारी, सोमवार
चावी परत मागायला गेले. बबनरावांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "नेहा म्हनली व्हती, हे तुमाला दाखवू नका." आणि कॅमेऱ्यातलं मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं.
मी चिक्की खातेय. खाता खाता गाडी चालू करतेय. समोर नेहा, दोन्ही हात वर करून ओरडतेय. मी तिच्याकडे बघतेय, आणि गाडी सरळ तिच्या अंगावर. शेवटच्या क्षणी तिने बाजूला उडी मारली.
मला यातलं काहीही आठवत नाही.