तिने बघितलेली फायनल

डब्लिन, ओहायो
८ जुलै २००८

प्रिय अंतरा,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मुद्दाम मराठीत लिहितोय. फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तू "बाबा, जस्ट लिसन" म्हणतेस, आणि मग ऐकत बसतो तो मीच. आईने चर्चच्या तळघरात भरणाऱ्या मराठी शाळेत दर रविवारी तुम्हा मुलांकडून बाराखडी घोटून घेतली, तिचा आज उपयोग होऊ दे. हळूहळू वाच, आणि शेवटापर्यंत वाचल्याशिवाय फोन उचलू नकोस.

आधी घरची खबर. आईला जिना चढवत नाही, म्हणून भाड्याने आणलेला तो दवाखान्यातला पलंग आता खाली फॅमिली रूममध्ये टाकलाय. बटण दाबलं की तो घरघरत वर होतो, ती त्याला विमान म्हणते. खाणं दोन घासांवर आलंय. येत्या सोमवारपासून तिने नवी केमो घ्यावी असं तुझं, माझं आणि डॉक्टरांचं ठरलं होतं. तिचं ठरलेलं नव्हतं. आपण रिपोर्ट समोर धरून बोलायचो आणि ती "बघू" म्हणायची. विम्बल्डन सुरू झालं त्या दिवशी मात्र तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "अहो, तो यंदा सहाव्यांदा जिंकला तर घेईन मी केमो. हरला तर मला पुन्हा कोणी आग्रह करायचा नाही. अंतराने सुद्धा." हे तुला सांगायचं नाही अशीही अट होती. मी लगेच हातावर हात मारला. फेडरर गवतावर गेल्या कित्येक वर्षांत हरला नव्हता. बाई आपणहून जाळ्यात आली, या विचाराने मी त्या दिवशी दोन वेळा चहा प्यालो.

तिचा नियम तुला माहीतच आहे. सुरुवात कशी झाली ते आठवतं का? २००१ साल. सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत तिने अख्खी मॅच बघितली आणि तिचा लाडका सॅम्प्रस त्या पोनीटेलवाल्या स्विस पोराकडून हरला. "मी बघितलं ना, म्हणून," असं तिने इतक्या खात्रीने सांगितलं, की चूक माझीच असावी असं मला वाटलं. पुढे तिचा जीव त्याच पोरावर जडला. तेव्हापासून त्याच्या मॅचला ती टीव्हीसमोर फिरकली नाही. पाच फायनल त्याने जिंकल्या, पाचही तिने स्वयंपाकघरातून ऐकल्या. "काय झालं हो?" आणि मी स्कोअर ओरडून सांगायचा. गेल्या वर्षी मॅच पाचव्या सेटला गेली तेव्हा बाईने सगळा फ्रिज रिकामा करून धुऊन काढला. तो जिंकला की हात पुसत यायची, रिप्ले बघून रडायची आणि सगळ्यांना स्ट्रॉबेरी घातलेलं श्रीखंड वाढायची. "मॉम, ही कान्ट सी यू," म्हणून तू तिला किती चिडवायचीस. मी तर जन्मभर हसलो तिच्या या वेडाला.

आणि रविवारी सकाळी मीच, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, तिचा पलंग खिडकीकडे वळवून ठेवला. टीव्ही तिच्या पाठीमागे. ती नुसती हसली. पहिले दोन सेट गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग पाऊस, मग तिसरा सेट मिळाला. चौथ्याच्या टायब्रेकरमध्ये तर सगळं संपलंच होतं, आणि तेवढ्यात त्याने रेषेलगत तो बॅकहँड मारला. सेट मिळाला तेव्हा मी असा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता पाचवा?" मला वाटलं, घाबरलीय.

पाचव्यात पुन्हा पाऊस आला. तेव्हाच मी आतल्या खोलीत जाऊन तुला फोन केला आणि "सोमवारचं नक्की समज" म्हणालो. फोन ठेवून बाहेर आलो तर तिकडे कोर्टावरचं आच्छादन काढत होते. ती म्हणाली, "अहो, माझा पलंग टीव्हीकडे वळवा." खिडकीतून ऊन येतंय म्हणून असेल, असं समजून मी वळवला. तीन-चार गेम झाल्यावर माझं तिच्याकडे लक्ष गेलं. जिथे ती कानांत बोटं घालायची, त्या पॉइंटला ती डोळे ताणून बघत होती. झोपेचं औषध घेतलेलं, पापण्या मिटायला आलेल्या, तरी बोटांनी उशीची कड धरून ती जागी राहत होती. मग माझ्या लक्षात आलं. अंतरा, तुझी आई त्याला हरवायला बसली होती.

रिमोट माझ्या हातात होता. टीव्ही बंद करता आला असता, पलंगही पुन्हा फिरवता आला असता. मी काही केलं नाही, तिच्या पायाशी बसून राहिलो. शेवटचा चेंडू नेटमध्ये गेला आणि तो हरला, ते त्याचा फोरहँड चुकला म्हणून, ओहायोतल्या एका आजारी बाईने बघितलं म्हणून नव्हे, हे मला कळतं. पण तिला तसं वाटत नाही. ती खूप रडली, त्याच्यासाठी. मग म्हणाली, "फार छान खेळला हो बिचारा," आणि श्रीखंड मागितलं. अर्धा चमचा खाल्लं. निजताना म्हणाली, "अंतराला तुम्ही सांगा. ती मला बोलू द्यायची नाही."

म्हणून हे पत्र. कालपासून तुला "आई झोपलीय" एवढंच सांगतोय, कारण खरं बोलायला लागलो असतो तर मला रडू फुटलं असतं. सोमवारची अपॉइंटमेंट मी आज कॅन्सल केली. डॉक्टरांना फोन करू नकोस, नवं काही शोधू नकोस. टेनिसवर कोणी आयुष्य लावतं का, असं तू म्हणशील. तिने ते टेनिसवर लावलंच नव्हतं. आपल्या तिघांपुढे नको म्हणायला तिला दुसरी वाटच उरली नव्हती. मी बाप म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगतो, आता फार दिवस नाहीत, आणि केमोनेही ते फारसे वाढले नसते. हे मला आधीपासून ठाऊक होतं, नुसतं तोंडाने म्हणवत नव्हतं. तू ये, बाळा. जर्सी सिटीचं काम राहू दे. येशील तेव्हा तिला काही समजावू नकोस. मॅच कशी झाली, एवढंच विचार. ती सांगेल तुला. शेवट पहिल्यांदाच तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय.

वाट बघतोय,
तुझाच
बाबा