ताईच्या मापाची अंगठी

ताई,

एक चक्कर मारून येते, घरात पाय ठरत नाहीये. खिडकीतल्या काचेच्या बरणीला हात लावू नकोस, त्यात तांबं साफ करायचं अ‍ॅसिड आहे. भात कुकरमध्ये आहे. दोन घास तरी खा. मांजराला घालून मला थापा मारू नकोस, ते किती फुगलंय बघ.

आपल्या मैत्रिणींसाठीच्या तांब्याच्या अंगठ्या झाल्या. शिवणवालीच्या अंगठीवर सुई कोरली, नर्सबाईंच्या अंगठीवर चहाचा कप. तुझीच राहिली होती, ती आज पूर्ण केली. माप तुझ्या जुन्या अंगठीवरून घेतलं, तुला विचारायचं सुचलंच नाही. दुपारी तुझा डोळा लागला होता तेव्हा बोटात घालून पाहिली, तर घरंगळून गादीवर पडली. अंगठ्यात घातली, तिथेही राहीना. आणि डॉक्टरांकडून आल्यापासून आपण दोघी नुसत्या हवापाण्यावर बोलतोय.

मग मी ती एका जागी कापली. उशाशी ठेवलीय. टोकं मुद्दाम जोडलेली नाहीत. आत्ता दाबून बोटाएवढी कर. बोटं भरत जातील तशी मी सैल करत जाईन.

धाकटी