बाबांच्या हातची बरगडी

बाबा, आज तुमच्या नावाने बरगड्या भाजल्या. चुलीत नाय, ओव्हनमध्ये. ओव्हन म्हणजे विजेवरची भट्टीच, पण तिला काचेचं दार असतं आणि आत दिवा लागतो. नातीने केक करून विकायला घेतलेत, तिनेच तो आणलाय. महाडात तिच्या केकना चांगली मागणी हाय. मी ओव्हनसमोर पाट टाकून बसते आणि केक फुगताना बघते. सून म्हणते, आईंना टीव्हीपेक्षा हेच आवडतं. आवडतंच. तुम्ही असता तर तुम्हीपण बसला असता, बिडी ओढत. पण तुम्ही नातीच्या जन्माआधीच गेलात. आणि तुम्हाला वाचता कुठं यायचं? मी दुसरीपर्यंत तरी गेले, तुम्ही अंगठाच उठवायचात. तरी लिहिते.

तर झालं काय, आज रविवार, भाऊ जेवायला येणार होता. तुमचा लाडका. मुंबईची नोकरी संपवून पोलादपूरला घर बांधून राहिलाय, गुडघे धरून चालतो. पण तो दारात दिसला की मला अजून त्याचा लहानपणचा हात दिसतो. शिवेवरच्या देवाला राखण द्यायला तुम्ही पुरुषमाणसं बोकड घेऊन जायचात, डुकरांनी भात खाऊ नये म्हणून. तिथंच कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच संपवायचं. ते मटण घरात आणायचं नाय आणि बाईमाणसाने खायचं नाय. मी थोरली, तो धाकटा, त्याला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता. पण तो तुमच्या खांद्यावर बसून निघायचा आणि मी आईबरोबर दारात. तिन्हीसांजेला परत आला की ओठ चकचकीत. म्हणायचा, "बाबांनी निखाऱ्यावर बरगडी भाजली, पहिली मला दिली. घे, वास घे." आणि हात माझ्या नाकासमोर धरायचा. मी घ्यायची, बाबा. लाज नाय वाटायची. धूर आणि चरबी, आणि आणखी काहीतरी, जे मला कधी ओळखता आलं नाय. मेला सकाळपर्यंत हात धुवायचा नाय, मला जळवायला. मी आपली सुका जवळा आणि भाकरी गिळायची.

एकदा मी तुम्हाला म्हटलं, मला एक आणा ना, पानात गुंडाळून, आई कुणाला सांगणार नाय. तुम्ही विळा पाजवत होतात. मान वर न करता म्हणालात, "सासरी जाशील तिथं खा गो." बाबा, सासरीपण शीव होती आणि शिवेवर राखण होती. तिथंही मी दारातच. मटण पुढं पुष्कळ खाल्लं, मुलगा कमवायला लागल्यावर तर दर रविवारी. पण ते तुमच्या हातचं नव्हतं, आणि भावाने मात्र खाल्लं होतं. हे काय माझ्या मनातून जाईना.

नातीला हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली, "मग मामाआजोबा येतायत तर पणजोबांसारख्या बरगड्याच करूया. ते मसाला काय लावायचे?" काय सांगणार! ज्या चवीवर जन्मभर जळले ती चव मला ठाऊकच नाय. शेवटी म्हटलं, "वास सांगते, चव तू शोध."

मटणवाल्याकडे मी स्वतः गेले. बरगड्यांची अख्खी पट्टी दे म्हटलं तरी त्याने सवयीने सुरा उचललाच.

"अरे थांब मेल्या, तोडू नको!"

"आजी, रश्श्याला तोडूनच लागतात."

"रस्सा तुझ्या सासूला घाल."

सगळं दुकान हसलं. घरी आलं-लसूण, घरचा मसाला, कोकमाचं आगळ लावून बरगड्या मुरवल्या. चांदीच्या कागदात बांधून मंद आचेवर ठेवल्या, मग कागद काढून रंग येईपर्यंत. मी काचेला नाक लावून बसले. तो वास नव्हता. पण फार चांगला होता, खोटं कशाला बोलू.

ताटं वाढली. नातीने सगळ्यात मोठी बरगडी सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात ओढली, मामाआजोबांच्या देखत, आणि कुणी काय बोललं नाय. मला आनंद झाला आणि तिच्यावरही थोडी जळले. भावाने पहिला घास तोडला. मी खाल्लं नाय, त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय रे, बाबांसारखी?"

"नाय गो ताय."

"मग कशी?"

"ही मऊ हाय, चवीची हाय. बाबांची वरून कोळसा आणि आत कच्ची. आणि अळणी. मीठ सगळं मटणाच्या टोपात जायचं, बरगडीला राहायचंच नाय."

"एवढी वाईट, मग मला हात कशाला हुंगवायचास?"

"तू हुंगायचीस म्हणून!"

नातीला हसून हसून ठसका लागला. मीपण हसले. पण आत काय झालं ते तुम्हालाच सांगते. तो किती सहज म्हणाला, अळणी! मला तेवढंपण म्हणता येत नाय. मला नेलं असतं तर चिमूटभर मीठ मुठीत राखून ठेवलं असतं, बाबा. मग ती बरगडी माझीपण झाली असती.

पट्टीतल्या दोन बरगड्या ओव्हनच्या ताटात मावेनात म्हणून मसाल्याआधीच कापून काढल्या होत्या, त्या फ्रीजमध्ये तशाच कच्च्या होत्या. भाऊ गेला, सगळे आडवे झाले, तेव्हा मी त्या काढल्या. मसाला नाय, मीठ नाय. ओव्हनचा काटा शेवटापर्यंत फिरवला. धूर झाला तशी नात धावत आली, "आजी, काय जळलं गो?"

"डोळा लागला बाय माझा," म्हटलं.

ती खिडक्या उघडून परत झोपायला गेली. मी ओट्याशी उभी राहून खाल्ली. वरून कोळसा, आत कच्ची. दातात चिवट, जिभेला काय म्हणून काय नाय.

हा कागद कुठं टाकायचा, तुम्हाला पत्ता नाय. नातीच्या हाती लागला तर तिला कळेल की माझा डोळा लागला नव्हता. म्हणून सकाळी चुलीत घालीन, पाणी तापवायला.

बरगडी आवडली नाय, बाबा. दुसरीपण खाल्ली.